नौपाड्यातला जुन्या इंग्रजी शब्दांचा वर्ग : आठ शनिवारांनंतर

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आमचं गाड्यांच्या पार्टचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघतो. गेल्या दसऱ्याच्या सुमारास एक साहेब आले, बरीच वर्षं परदेशात काढून घोडबंदर रोडला राहायला आलेले. त्यांना जॅक हवा होता. मी सवयीनं विचारलं, "स्टेपनी ठीक आहे ना साहेब? हवा बघून घेतली का?" ते म्हणाले, "काका, स्टेपनी असा शब्दच नाही इंग्रजीत. आपल्याकडच्या लोकांनी बनवलाय तो." चांगल्या सुरातच म्हणाले. पण काउंटरवरची दोन पोरं फिस्सकन हसली आणि मला ते दिवसभर टोचत राहिलं. माझ्या वडिलांनी हा शब्द जन्मभर रोज दहा वेळा उच्चारला होता. तो खोटा कसा असेल?

त्याच महिन्यात गोखले रोडवरच्या एका स्टेशनरीच्या दुकानात भिंतीला लावलेली चिठ्ठी मुलीनं मला दाखवली. "विस्मृतीत गेलेले इंग्रजी शब्द पुन्हा बोलूया. आठ शनिवार. संध्याकाळी साडेपाच ते सात. फी १,६०० रुपये." खाली फोन नंबर. मी तिथूनच फोन लावला.

वर्ग घेणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. नाव कुठे लिहू नका असं त्यांनी सांगितलंय, म्हणून मी नुसतं बाई म्हणतो. वर्ग त्यांच्या घरीच असतो, हॉलमध्ये. आम्ही नऊ जण होतो: एक निवृत्त नर्स, एक बँकेतल्या ताई, आयटीत काम करणारं एक जोडपं, तीन कॉलेजची मुलं, एक वकील आणि मी. आधीच सांगतो, पाचापैकी चार तारे. एक कुठे गेला ते पुढे येईलच. आणि हा स्पोकन इंग्लिशचा क्लास नाही. मुलाखतीची तयारी म्हणून जाणार असाल तर पैसे आणि शनिवार दोन्ही वाया जातील.

पहिल्या दिवशी बाईंनी ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशातल्या एका पानाची झेरॉक्स वाटली. काही शब्दांच्या आधी खंजिरासारखी छोटी खूण होती. ही खूण म्हणजे शब्द वापरातून गेला. पण गेला म्हणून कोशातून काढत नाहीत. या कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, पहिली आवृत्ती पुरी व्हायला १९२८ उजाडलं, आणि एकदा आत घेतलेला शब्द बाहेर टाकायचा नाही हा त्यांचा नेम आजही आहे. मला हे फार भावलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, तरी पद्मिनीच्या कार्बोरेटरचे किट मी मागच्या रॅकवर ठेवलेत. वर्षातून दोनदा कोणीतरी हौशी माणूस शोधत येतो आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

खरी गोडी लागली दुसऱ्या शनिवारी. बाईंनी फळ्यावर दोन रकाने आखले. पहिल्यात मराठी लिहिलं: इथे, इकडे, इथून. मग तिथे, तिकडे, तिथून. मग कुठे, कोणीकडे, कुठून. मग म्हणाल्या, आता यांची इंग्रजी सांगा. इथे म्हणजे हिअर, इकडे म्हणजे पण हिअर, इथून म्हणजे फ्रॉम हिअर. कॉलेजच्या मुलांनी पटापट सांगितलं आणि सांगता सांगताच थांबली, कारण त्यांच्या लक्षात आलं की तीन खणांत एकच सामान भरलं जातंय. तेव्हा बाईंनी दुसरा रकाना भरला: हिअर, हिदर, हेन्स. देअर, दिदर, देन्स. व्हेअर, व्हिदर, व्हेन्स. नऊच्या नऊ खण भरले. इंग्रजीत एकेकाळी हे सगळे वेगवेगळे होते. जागा वेगळी, जागेकडे जाणं वेगळं, जागेहून येणं वेगळं. नंतर त्यांनी एकावर भागवायला सुरुवात केली. आपण अजून भागवत नाही. "तू कुठे आहेस", "तू कोणीकडे निघालास" आणि "तू कुठून आलास" हे तिन्ही प्रश्न लोकलमध्ये एकाच फोनवर ऐकू येतात आणि कोणाचा गोंधळ होत नाही.

शाळेत मला हे शब्द नाटकी वाटायचे. मुकुट घातलेले राजे बोलतात तसे. फळ्यावर मराठीच्या शेजारी बघितले तेव्हा ते घरातल्या भांड्यांइतके साधे वाटले. मी मराठी माध्यमाचा. इंग्रजीच्या बाबतीत आपण कायम मागच्या बाकावरचे, असंच मनात घेऊन वाढलो. त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं की माझ्या मराठीमुळे मला इथे काहीतरी लवकर कळतंय, इंग्रजी माध्यमाच्या पोरांच्याही आधी.

तिसऱ्या शनिवारी मी हात वर करून स्टेपनीचं विचारलं. बाईंनी लगेच उत्तर दिलं नाही. "पुढच्या वेळी सांगते, तपासून," म्हणाल्या. न तपासता बोलायचं नाही हा त्यांचा गुण मला फार मोलाचा वाटतो. पुढच्या शनिवारी त्यांनी लॅपटॉपवर एक जुनं चित्र दाखवलं. वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर टॉमस मॉरिस डेव्हिस या माणसानं १९०४ मध्ये ही वस्तू काढली. तेव्हाच्या मोटारींबरोबर जादा चाक येतच नसे. पंक्चर झालं की रस्त्यावर बसून ट्यूब काढा, ठिगळ लावा, परत भरा. डेव्हिसनं केली ती आरे नसलेली एक रिम, तिच्यावर हवा भरलेला टायर, आणि ती पंक्चर चाकाला बाजूनं क्लॅम्पनं अडकवायची. म्हणजे चाक उतरवायचंच नाही! मी उठून लॅपटॉपजवळ गेलो. क्लॅम्प कसे बसवलेत, भार कुठे येतो, हे मला कळत होतं. बाकीच्यांना मी ते समजावून सांगितलं. बाई माझ्या खुर्चीत बसून ऐकत होत्या.

नंतर गाड्यांना बदलता येणारी चाकं आली, कंपनीच जादा चाक देऊ लागली, आणि तिकडे स्टेपनी हा शब्द लोक विसरले. आपल्याकडे राहिला. माल्टामध्येही राहिलाय, असं बाई म्हणाल्या. म्हणजे आम्ही तो बनवलेला नाही, सांभाळलाय. ते साहेब अजून परत दुकानात आलेले नाहीत. आले तर मला भांडायचं नाही, फक्त लानेलीचं नाव सांगायचंय.

डिक्कीचंही तसंच. घोडागाडीच्या मागे नोकरानं बसायची जागा ती डिकी, पुढे मोटारीच्या पाठीमागे उघडून बसायची सीट ती डिकी. ती सीट गेली, तिथे सामान ठेवायची जागा आली, आणि आपण नाव बदललं नाही. आता तर स्कूटरच्या सीटखालच्या खणालाही आपण डिक्की म्हणतो. आणि टिफिन! अधेमधे थोडं खाण्यापिण्याला इंग्रजीत टिफिंग म्हणत, त्यावरून तो आला असं मानतात. तिकडे कोणाच्या तोंडात नाही, इथे सकाळी आठ पाचच्या गाडीत प्रत्येकाच्या पिशवीत आहे. वर्गासाठी आम्ही वही आणली तीही फुलस्केप. जुन्या कागदावर पाण्याची खूण असे, विदूषकाच्या घुंगरांच्या टोपीची, तिच्यावरून कागदाच्या मापाला ते नाव पडलं. ठाण्यातल्या कोणत्याही स्टेशनरीवाल्याकडे जाऊन फुलस्केप मागा, तो न बघता हात वर करून काढून देतो.

आता गृहपाठाबद्दल, कारण हा वर्ग घ्यायचा तो गृहपाठासाठीच. प्रत्येकानं आठवड्याला एक शब्द निवडायचा आणि सात दिवस खऱ्या माणसांशी बोलताना वापरायचा. आधी अर्थ सांगायचा नाही. समोरच्याला कितव्यांदा कळलं ते वहीत लिहायचं.

मी निवडला ओव्हरमॉरो. अर्थ परवा, म्हणजे उद्यानंतरचा. १५३५ मध्ये छापलेल्या कव्हरडेलच्या बायबलमध्ये तो आहे, आणि जर्मनमध्ये त्याचा सख्खा भाऊ अजून रोजच्या बोलण्यात आहे. इंग्रजीत त्यासाठी आता चार शब्द लागतात. चेन्नईच्या ज्या व्यापाऱ्याकडून मी क्लचप्लेट मागवतो, तिथे ऑर्डर घेणारी एक मुलगी आहे. तिचं हिंदी माझ्या तमिळइतकंच, त्यामुळे आमचं सगळं व्हॉट्सॲपवर, इंग्रजीत. सोमवारी मी लिहिलं, "माल ओव्हरमॉरो हवा." तिचं उत्तर आलं, "ही कुठली कुरिअर कंपनी, सर?" मी फक्त बुधवारची तारीख पाठवली. गुरुवारी पुन्हा लिहिलं. तिनं अंगठा पाठवला. आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात तिच्याकडून मेसेज आला, "डिस्पॅच ओव्हरमॉरो, सर." मी तो बाईंना दाखवला, बाईंनी चष्मा लावून दोनदा वाचला. अजून आमचं तेच चालू आहे. मराठीतला परवा तर दोन्हीकडे चालतो, परवा आला आणि परवा येईल, आणि त्याच्याही पलीकडे तेरवा आहे. क्रियापद सगळं सांभाळून घेतं.

नर्सताईंनी घेतला ॲप्रिसिटी. थंडीतल्या उन्हाची ऊब. हेन्री कॉकरमच्या १६२३ च्या कोशात तो नोंदलेला आहे. शब्द सुंदर, त्यात वाद नाही. ताई रोज सकाळी तलावपाळीला फिरायला जातात, जानेवारीत तिथल्या बाकावर बसून त्यांनी मैत्रिणींना तो ऐकवला. मैत्रिणी म्हणाल्या, "कोवळं ऊन म्हण की." सातही दिवस तेच. शब्द बसेना.

यावर वर्गात चांगली चर्चा झाली आणि इथे माझं बाईंशी जमत नाही. त्यांचं म्हणणं, सुंदर शब्द असेल तर तो बोलत राहायचा, कान तयार होतात. मला वाटतं तसं होत नाही. ज्या शब्दाला काम आहे तो परत येतो, आणि काम आहे की नाही हे आपण नाही, समोरचा ठरवतो. ओव्हरमॉरोनं त्या मुलीचं टाइप करणं वाचवलं म्हणून तिनं तो उचलला. कोवळ्या उन्हाची जागा आमच्याकडे आधीच भरलेली आहे, आणि कोवळं हा शब्द पानाला, काकडीला, पोराच्या वयालाही चालतो, त्याच्यापुढे ॲप्रिसिटी काय करणार? मात्र इंग्लंडमधल्या माणसाकडे ती जागा रिकामी असेल तर तिथे तो बसेलही. म्हणून शब्द चुकीचा नाही, गिऱ्हाईक वेगळं आहे.

माझ्या या म्हणण्याला छेद देणारा अनुभवही मलाच आला, तोही सांगायला हवा. सहाव्या शनिवारी बाईंनी हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतला एक शब्द आणला: ऊख्तचेआरे. ऊख्त म्हणजे रात्रीचा शेवटचा प्रहर, उजाडायच्या आधीचा. चेआरे म्हणजे काळजी. पहाटे जाग येऊन आढ्याकडे बघत पडल्यावर जी काळजी घेरते ती. एक्सेटर ग्रंथ नावाच्या हस्तलिखितात एका बाईचा विलाप आहे, नवरा दूर गेलेला, त्यात हा शब्द एकदाच येतो. दुसरीकडे कुठेही सापडलेला नाही. मला वाटलं, हा कोण बोलणार? उच्चारायलाच दोन मिनिटं लागतात. पण मार्चमध्ये हिशोबाचे दिवस होते, दोन मोठ्या गॅरेजवाल्यांची उधारी अडकली होती आणि मला रोज पहाटे चारला जाग येत होती. एका पहाटे बायको म्हणाली, "काय हो, झोप नाही का?" मी तिला हा शब्द सांगितला, त्या दूर गेलेल्या नवऱ्याचंही सांगितलं. ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी पहाटे पुन्हा मी कूस बदलली तर अंधारात तिनंच विचारलं, "ऊख्त का?" आणि उठून चहा टाकला.

आता आमच्या घरात तो शब्द आहे. अर्धाच आहे, शेपूट गळालेलं आहे, पण आहे. पहाटेची काळजी मराठीत सांगता येत नाही असं थोडंच आहे? तरी त्या शब्दानं काम केलं. का केलं हे मला दुकानाच्या हिशोबात बसवता येत नाही.

दाऊ या जुन्या इंग्रजी शब्दाचा शनिवार मात्र मला पुरला नाही, तो दोन आठवडे चालायला हवा होता. दाऊ म्हणजे तू, यू म्हणजे तुम्ही. आधी यू अनेकांना, मग मोठ्यांना आदरानं एकट्यालाही, मग सगळ्यांनाच, आणि दाऊ मागे पडला. यॉर्कशायरकडच्या बोलीत तो पुष्कळ टिकला. सतराव्या शतकात क्वेकर पंथाच्या लोकांनी हट्ट धरला की देवापुढे सगळे सारखे, म्हणून न्यायाधीशालाही दाऊच म्हणायचं. त्यापायी त्यांनी शिव्या खाल्ल्या, मार खाल्ला. मला सगळ्यात नवल याचं वाटलं की दाऊ आता बहुतेकांना फक्त प्रार्थनेत ऐकू येतो, त्यामुळे तो फार आदराचा शब्द आहे असं इंग्रजांनाच वाटू लागलंय. होता तो जवळिकीचा. आपण विठोबाला तू म्हणतो, आईला तू म्हणतो, वडिलांना तुम्ही. त्यात आदर कमी कुठे आहे? बँकेतल्या ताई एकदम म्हणाल्या, "साहेबांना तू म्हणता येत नाही आणि नवऱ्याला तुम्ही म्हणवत नाही, तिथे इंग्रजीत बोललं की सुटका होते." हेही खरंच. दाऊ परत आणणं मात्र अवघड, कारण त्याची क्रियापदं वेगळी, दाऊ आर्ट, दाऊ हॅस्ट. एकटा पिस्टन आणून भागत नाही, रिंगा त्याच्याच लागतात.

छोट्या छोट्या गोष्टीही पुष्कळ मिळाल्या. डिअर म्हणजे पूर्वी कोणताही प्राणी, नंतर फक्त हरीण. आणि आपल्याकडे मृग म्हणजे पूर्वी कोणताही रानातला प्राणी, म्हणून तर सिंह मृगेंद्र. दोन्ही भाषा एकाच वाटेनं गेल्या. फ्रो हा शब्द टू अँड फ्रो सोडून कुठे राहिला नाही, जसा बाजारहाटमधला हाट ठाण्यात एकटा कोणी म्हणत नाही.

आता गेलेला तारा. पहिले दोन वर्ग बाई पूर्ण इंग्रजीत बोलल्या, भरभर. मला आणि नर्सताईंना निम्मं कळलं नाही. तिसऱ्या वेळी मी तसं सांगितलं, आणि बाईंनी त्या क्षणापासून मराठीत सुरू केलं, याचं श्रेय त्यांना. पण चिठ्ठीवर ते आधी लिहायला हवं. झेरॉक्स इतक्या फिकट की चाळिशी लावूनही खंजिराची खूण दिसत नाही. १,६०० रुपयांत काळीभोर प्रत मिळायला हरकत नाही. सातचा वर्ग पावणेआठला सुटतो. ज्यांना पुढे मुलुंड-कळव्याला जायचंय त्यांनी तयारी ठेवावी. आणि उच्चार एकदा म्हणून दाखवतात, रेकॉर्ड करू देत नाहीत. हे मला पटलं नाही. ऊख्तचेआरे मी अजून बरोबर म्हणतो की नाही, कोणाला विचारू?

कोणी जावं? भाषेची आवड असलेल्या कोणीही, पण मराठी माध्यमाच्या माणसांनी आवर्जून. बरोबर फुलस्केप वही न्या, झेरॉक्स स्वतः वाचून त्यात उतरवून घ्या. गृहपाठ चुकवू नका.

पुढची बॅच जूनमध्ये आहे. बाईंनी मला तिसऱ्या शनिवारी अर्धा तास बोलायला सांगितलंय, गॅरेजमधल्या शब्दांवर. डायनॅमोपासून यादी करायला घेतली आहे, दोन पानं भरलीत. वीज तयार करणारा डायनॅमो गाडीतून जाऊन त्या जागी अल्टरनेटर येऊन किती वर्षं झाली, आमचे मेकॅनिक अजून डायनॅमोच म्हणतात. दाखवायला एक स्टेपनी घेऊन जाणार आहे, दुकानातली नवी नाही, वडिलांच्या वेळची, माळ्यावर पडलेली. बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. त्या बॅचला कोणी येणार असाल तर पाच मिनिटं आधी या, जिन्यात एका बाजूनं धरायला माणूस लागेल.